पहिला कप आनंदाचा, पुढचे नुसते सवयीचे?

कपबशी
मी दिवसाला चार कप कॉफी प्यायचे. महिन्याभरापूर्वी एकावर आले आणि आता माझं मत पक्कं झालंय: आनंद पहिल्या कपात असतो, पुढचे कप सुटत नाहीत म्हणून प्यायले जातात.

पहिला कप मी सावकाश करते. दाणे लागतील तेवढेच दळते, कारण दळल्यावर सुटणारा वास फार वेळ टिकत नाही. पाणी उकळलं की जरा थांबायचं, ९० ते ९६ अंशांचं पाणी पुरतं. आधी पावडर भिजेल एवढंच पाणी घालायचं. ताज्या भाजलेल्या दाण्यांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि पावडर फुलून वर येते. ती ३० सेकंद मी नुसती बघत उभी असते. सकाळी अंथरूण सोडायला मला तेवढं कारण पुरतं.

आता कालचा दुपारचा कप आठवून बघा. कसा लागला होता? मला माझा एकही आठवत नव्हता.

रात्रपाळी
साफ असहमत. पहाटे तीनला वॉर्ड शांत झाला की मी कॉफी करतो. इन्स्टंट पावडर, दूध, दोन चमचे साखर. दाणे दळायला वेळ कुठला? कप दोन्ही हातांत धरला की बोटं शेकतात आणि दहा मिनिटं कुणी हाक मारत नाही. तो माझा दिवसातला तिसरा कप असतो, आणि मी त्याचीच वाट बघत असतो.

आठवत नाही म्हणजे आनंद नव्हता, हे मला पटत नाही. रोजची गाढ झोप तरी कुठे आठवते?

अर्धा चमचा
कपबशी, मला तर तुमचा पहिला कपच सगळ्यांत जास्त सवयीचा वाटतो. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, त्यानं झोप येते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. रोज पिणाऱ्याचं शरीर याला सरावतं, कप चुकला की डोकं धरतं. रात्रभर कॅफिन मिळालेलं नसतं, तेव्हा सकाळच्या सुखात बरीचशी सुटकाच असते.

दुपारचा कप कमी करावा, हे मात्र मान्य. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या कपातलं निम्मं रात्री नऊला अंगात असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलीग्रॅम आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलंय. रात्रपाळी, तुमचे तीन कप त्यात बसत असतील, पण घरी जाऊन झोप लागते का?

रात्रपाळी
पडदे ओढले की लागते. पहाटे पाचनंतर कॉफीला हात लावत नाही.

कपबशी
अर्धा चमचा, तुमचा मुद्दा मला लागला, कारण नेमकं हेच मी करून पाहिलंय. मधला एक आठवडा सकाळी डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी घेतली. दोन दिवस डोकं ठणकलं, मग थांबलं. चव थोडी बोथट होती. पण वास होता, पावडर फुलत होती, आणि मी तशीच उभी राहून बघत होते. सुटकेपलीकडचं काहीतरी त्यात आहे.

सांजवेळ
इथे सगळे एकट्यानं प्यायच्या कपाबद्दल बोलताहेत. वडील गेल्यापासून संध्याकाळी सहाला आई आणि मी कॉफी घेतो. तिचा कप बोलता बोलता निवतो आणि तो तिला तसाच आवडतो; कोमट झाल्यावर चव कळते म्हणते. त्या अर्ध्या तासात ती जे सांगते ते दिवसभरात कधी सांगत नाही. हा कप सवयीचाच आहे, अगदी घड्याळ लावून. कपबशी, तो मी कशासाठी सोडू?

कपबशी
तो सोडू नका. डीकॅफ त्यांना चालेल का, एवढं विचारून बघा.

सांजवेळ
उद्या सहाला विचारते.