कुत्र्यांना घेऊन पुणे ते बेंगळुरू, गाडीने

सी ७०१ : काकू परत आलात वाटतं, सकाळी गेटवर चिंगीचा आवाज ऐकला. एक विचारायचं होतं, आम्ही नोव्हेंबरमध्ये हैदराबादला दादाकडे जायचं म्हणतोय आणि कोकोला बोर्डिंगमध्ये ठेवायला मन होत नाहीये. तुम्ही ब्रुनो आणि चिंगी दोघांना घेऊन गेलात ना, झेपलं का हो?

बी ४०२ : हो गं, परवा रात्रीच आलो. झेपलं. पण एका दिवसात नाही हं. कोथरूड ते लेकीचं घर साधारण ८४० किलोमीटर होतं, तरुण पोरं मारतात एका दमात, आम्ही दोन दिवस केले आणि धारवाडला मुक्काम. ब्रुनो आता साडेअकरा वर्षांचा आहे, मागचे पाय धरतात त्याचे, दर दोन तासांनी उतरवून दहा मिनिटं चालवलं नाही तर नंतर उठताच येत नाही त्याला. पुढे मुलगा म्हैसूरला, तिकडे तो नवा हायवे आहे त्यामुळे ते १४५ किलोमीटर काहीच वाटलं नाहीत.

ए १०४ : वहिनी, ट्रेनने का नाही नेलं? आमच्या साडूंनी नेला होता त्यांचा पॉमेरेनियन.

बी ४०२ : भाऊजी, चौकशी केली होती. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे, म्हणजे दोन बर्थचा बंद कप्पा, घ्यावा लागतो आणि कूपेच मिळेल ह्याची खात्री नाही, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवायचं. ३४ किलोचा म्हातारा लॅब्रेडोर त्या पेटीत रात्रभर? माझ्याच्याने नाही होणार. विमानात तर एवढा मोठा कुत्रा खाली सामानाच्या भागात जातो, ते तर नकोच. आणि चिंगी, ती तर आपल्या ट्रान्सफॉर्मरमागे जन्मलेली, तिला पेटी बघितली तरी कापरं भरतं.

सी ७०१ : उलट्या झाल्या का? कोकोला सिंहगड रोडपर्यंत नेलं तरी होते.

बी ४०२ : ब्रुनोला नाही, चिंगीला झाली, खंबाटकीच्या वळणांवर. चूक माझीच, निघताना तिने तोंड बारीक केलं म्हणून दहीभात भरवला चार घास. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आदल्या रात्री हलकं द्या आणि सकाळी फक्त पाणी. येताना तसंच केलं, एकदाही झाली नाही. गोळी मिळते उलटीची, पण ती तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घे. आणि आतापासून रोज संध्याकाळी कोकोला गाडीत बसवून एक चक्कर मार, आधी नुसतं बसव, मग हळूहळू लांब ने. आम्ही महिनाभर केलं हे.

ए १०४ : आमच्याकडे पाय दुखले की कॉम्बिफ्लॅम देतात, ब्रुनोला अर्धी दिली तर?

डी २०३ : काका नको!! त्यात आयबुप्रोफेन असतं, कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. माणसांची पेनकिलर कुत्र्याला कधीच द्यायची नाही, क्रोसिनसुद्धा नाही.

ए १०४ : अरे बापरे, बरं झालं सांगितलंस. माहीत नव्हतं.

बी ४०२ : बरोबर आहे तिचं. ब्रुनोचं औषध वेगळं आहे, ते डब्यात होतंच. आणि आमच्या ह्यांनी जुन्या प्लायची फळी कापून तिच्यावर काथ्याचं पायपुसणं ठोकून रॅम्प करून दिला, त्यावरून तो स्वतःच्या पायाने चढतो उतरतो. आधी दोघं मिळून उचलायचो तर तो बिचारा संकोचाने मान खाली घालायचा, रॅम्पवरून पहिल्यांदा स्वतः उतरला तेव्हा शेपटी किती हलवली सांगू.

सी ७०१ : हॉटेलचं काय केलंत?

बी ४०२ : तेच एक फार लागलं मनाला. फोनवर दोनदा विचारून बुकिंग केलं होतं, दोन कुत्रे आहेत, एक मोठा आहे, सगळं सांगितलं, हो हो म्हणाले, आणि दारात गेल्यावर म्हणे मोठा चालणार नाही. संध्याकाळचे सहा, ब्रुनो लंगडतोय, मला रडूच आलं. मग तासभर फिरून एक साधं लॉज मिळालं, तिथल्या माणसाने स्वतःहून तळमजल्याची खोली दिली आणि पाण्याची बादली आणून ठेवली. तेव्हा तू फोनवर भरवसा ठेवू नको, मेसेजवर लेखी घे, कुत्र्याचं वजन लिहून घे, आणि तळमजला माग.

डी २०३ : लसीकरणाचं कार्ड मागितलं का कुणी?

बी ४०२ : लॉजवर मागितलं, रेबीज बघितलं. ओरिजिनल ने आणि मोबाइलमध्ये फोटो पण ठेव. पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला हवाच. आणि हे नीट ऐक, दार उघडायच्या आधी पट्टा हातात पाहिजे. कऱ्हाडच्या पुढे ढाब्यावर चार भटके कुत्रे धावून आले, चिंगी दारातून अर्धी बाहेर गेली होती, हार्नेस सीटबेल्टला अडकवलेला होता म्हणून वाचली. तेव्हापासून ढाब्याच्या दारात थांबायचंच नाही असं ठरवलं, पेट्रोल पंपाच्या मागची मोकळी बाजू बरी. गवतात फिरवलं की बोटांच्या मधे आणि कानात गोचिडी बघायच्या, चिंगीला मागे टिक फिव्हर होऊन गेलाय, मला फार धास्ती आहे त्याची.

ए १०४ : आणि जेवणाचं? तुम्ही आत जाणार तर कुत्रे गाडीत?

बी ४०२ : नाही भाऊजी, एक मिनिट पण नाही. काच खाली ठेवली तरी उन्हात गाडी भट्टी होते, कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच थंड होतो तो. आम्ही आळीपाळीने जेवलो. दावणगेरेला बेण्णे डोसा तर मी गाडीच्या बाजूला उभी राहून खाल्ला. डांबर पण हाताने बघायचं, आपला हात पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्यांचे पाय भाजतात.

सी ७०१ : काकू, ताई खूश झाली असेल ना.

बी ४०२ : अगं, ब्रुनोला तिनेच आणला होता, बारावीत असताना, बुटाच्या खोक्यातून. गेली दोन वर्षं फक्त व्हिडिओ कॉलवर बघायची. मी तिची जुनी गोधडी मागच्या सीटवर अंथरली होती, ब्रुनो सगळा वेळ त्यावर नाक ठेवून. त्याला आता नीट दिसत नाही, मोतीबिंदू आहे. ती खाली पार्किंगमध्ये आली, हाक नाही मारली, नुसती गुडघ्यावर बसली, आणि हा थबकला, हवेत नाक वर केलं, आणि मग जो आवाज काढला तो आम्ही अकरा वर्षांत ऐकला नव्हता, लहान पिल्लासारखा. रॅम्प विसरला, पाय विसरला. ती तिथेच फरशीवर त्याला मांडीत घेऊन अर्धा तास बसली, वॉचमन पाणी घेऊन आला. डॉक्टर म्हणालेत पुढच्या वर्षी एवढा प्रवास त्याला नको. म्हणूनच आत्ता नेलं.

डी २०३ : काकू, डोळ्यांत पाणी आलं हो.

सी ७०१ : आमचं हैदराबाद ५६० आहे, मधे सोलापूरला थांबू का?

बी ४०२ : कोको दोनच वर्षांची ना, पहाटे निघालीस तर एका दिवसात होईल, पण पहिलाच लांब प्रवास आहे तिचा, तेव्हा सोलापूरला मोठी विश्रांती घे आणि पुढे तिचं तोंड बघून ठरव. दिवाळीत मात्र नको, फटाक्यांत अनोळखी जागी घाबरून पळाली तर सापडायची नाही.

सी ७०१ : नाही नाही, दिवाळी झाल्यावरच. काकू रॅम्प बघायला येऊ का आज?

बी ४०२ : ये ना, सातनंतर ये, तोवर चिंगी फिरून आलेली असते. माप घ्यायला टेप घेऊन ये, तुमची गाडी उंच आहे.