परभाषेतल्या वाहिन्या: सुरुवात कुठून करावी?

अनुस्वार: फ्रेंचचे प्राथमिक वर्ग संपले आहेत. आता भाषा रोज कानावर पडत राहावी असं वाटतंय. शिवाय जगाच्या बातम्या फक्त इंग्रजीतून बघायचाही कंटाळा आलाय. अधिकृतरीत्या आणि फुकट बघता येतील अशा वाहिन्या सुचवा. फ्रेंच आधी, पण जर्मन, जपानी, स्पॅनिशही चालतील. माहितीपट विशेष आवडतात.

मध्यरात्र: फ्रान्स २४ लावा. बातम्या चोवीस तास, यूट्यूबवर थेट दिसते.

सायली_व: फ्रान्स २४ चांगलीच आहे, पण प्राथमिक वर्गानंतर लगेच नको. निवेदक भराभर बोलतात आणि नवशिक्याची उमेद खचते. त्याआधी टीव्ही५ मोंद बघा. १९८४ मध्ये सुरू झालेली ही वाहिनी एकट्या फ्रान्सची नाही. बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांताचाही त्यात वाटा आहे, त्यामुळे फ्रेंच किती वेगवेगळ्या तऱ्हांनी बोललं जातं ते सुरुवातीपासूनच कानाला कळतं. त्यांच्या भाषा शिकवणाऱ्या संकेतस्थळावर बातम्यांचे छोटे तुकडे आणि त्यावरचे स्वाध्याय ए१ (अगदी सुरुवातीची) ते बी२ (मध्यमच्या वरची) अशा पातळ्यांनुसार लावलेले आहेत. मी कुणालाही पहिल्यांदा तिथेच पाठवते.

माहितीपटांसाठी मात्र आर्ते, दुसरं नाव घेणार नाही. फ्रान्स आणि जर्मनीची ही सामाईक वाहिनी १९९२ पासून चालू आहे, मुख्यालय स्ट्रासबर्गला. बहुतेक कार्यक्रम फ्रेंच आणि जर्मन दोन्हींत असतात. एकच माहितीपट आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत बघता येणं ही दोन्ही भाषा शिकणाऱ्यासाठी फार मोठी सोय आहे. निवडक कार्यक्रमांना इंग्रजी, स्पॅनिश, इटालियन, पोलिश उपशीर्षकंही मिळतात. काही चित्रपट आणि मालिका हक्कांमुळे ठरावीक देशांबाहेर दिसत नाहीत, तेवढं गृहीत धरा.

कोरा_कागद: जर्मनसाठी डॉइचे वेले, जर्मनीची परदेशांसाठीची प्रसारण संस्था. त्यांच्या हळू वाचलेल्या बातम्या रोज ऐकाव्यात, सोबत मजकूरही असतो. जपानीबाबत एक सावधगिरी: एनएचके वर्ल्ड-जपान ही वाहिनी इंग्रजीत आहे. जपान समजून घ्यायला उत्तम, सुमोच्या लढतीही बघायला मिळतात, पण तिच्यावर विसंबून जपानी येणार नाही. सोप्या जपानीचे त्यांचे धडे वेगळे आहेत, ते घ्या. कोरियन ऐकायचं असेल तर केबीएस वर्ल्डवर मूळ कोरियन आवाज आणि इंग्रजी उपशीर्षकं असतात.

वाहिनी निवडताना ती कोणासाठी काढली आहे हे आधी बघा. परक्यांना आपला देश दाखवणाऱ्या वाहिनीत आणि परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी चालवलेल्या वाहिनीत खूप फरक असतो. भाषा शिकायची तर दुसरी.

तळटीप: वर सांगितलं त्यात एक भर: पैसा कोण देतं तेही बघा. अल जझीराला कतारचं सरकार पैसा पुरवतं. अरबी वाहिनी १९९६ ची, इंग्रजी २००६ ची, दोघींची संपादकीय पथकं वेगळी. आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं त्यांचं वार्तांकन मी आवर्जून बघतो, पण विषय खुद्द कतारचा असेल तर दुसरीकडे पडताळतो. चीनची सीजीटीएन आणि रशियाची आरटी बघताना सरकारची बाजू ऐकतोय हे पक्कं लक्षात ठेवा. आरटीवर युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये बंदी घातली.

सायली_व: अनुस्वार, बोलण्याच्या सरावासाठी युरोन्यूजचं 'नो कॉमेंट' बघा. त्यात निवेदन नसतंच, फक्त घटनास्थळाची दृश्यं आणि तिथले आवाज. समोर दिसतंय त्याचं मोठ्याने फ्रेंचमध्ये वर्णन करायचं. वाक्य कुठे अडतं ते लगेच कळतं.

अनुस्वार: सगळ्यांचे मनापासून आभार. टीव्ही५ आणि आर्ते आजच सुरू करतो. स्पॅनिशचं राहिलं, माद्रिदकडचे उच्चार हवे आहेत.

कोरा_कागद: मग टीव्हीई इंटरनॅसिओनाल, स्पेनच्या सार्वजनिक प्रसारकाची. फ्रान्स २४ ची स्पॅनिश सेवा कोलंबियातल्या बोगोटाहून चालते आणि डॉइचे वेलेची स्पॅनिश वाहिनी मुख्यतः लॅटिन अमेरिकेसाठी आहे, तेव्हा त्या दोन्ही नंतर.