खासगी नोंदी स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची व्यवस्था कशी करावी?

रावपुरेकर:
नमस्कार. मी बडोद्यात राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून माझ्या नोंदी फोनमधल्या एका मोफत अ‍ॅपमध्ये ठेवत आलो आहे. त्यांत वाचनाची टिपणे आहेत, आईच्या औषधांचा तपशील आहे, दांडिया बाजारातल्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीबद्दल भावंडांशी झालेल्या बोलण्याचा गोषवारा आहे, शिवाय कोणाच्याच नजरेला पडू नये असे रोजनिशीवजा लेखनही आहे. अलीकडे त्या अ‍ॅपने नोंदींचा सारांश आपण होऊन समोर ठेवायला सुरुवात केली आहे; सारांश करायचा तर मजकूर निदान यंत्राने तरी वाचलेला असणार, हे उघड आहे. नोंदी माझ्याखेरीज कोणी वाचू नयेत, आणि ते अ‍ॅप उद्या बंद पडले तरी त्या माझ्या हाती राहाव्यात, अशी सोय विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन वापरणाऱ्याला प्रोग्रॅमिंग न शिकता करता येईल काय? काही जुना मजकूर श्रीलिपी या युनिकोडपूर्व देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, त्याचेही काय करावे ते सुचवावे.

ताळेबंद:
आपण दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत, आणि त्या वेगळ्याच ठेवलेल्या बऱ्या. एक गुप्तता, दुसरी ताबा. बहुतेक मोफत सेवा मजकूर कुलूपबंद करून ठेवतात हे खरे, परंतु किल्ली कंपनीकडेच असते, त्यामुळे ते कुलूप बाहेरच्या चोरासाठी असते, कंपनीसाठी नव्हे. स्टँडर्ड नोट्स या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त आपल्या किल्लीने उघडणारे कुलूप, मुळातच असते, जॉप्लिन या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ते आपण चालू करावे लागते. या दोन्हींत किल्ली आपल्याकडे राहते. ऑब्सिडियन या तिसऱ्या अ‍ॅपचे उलटे आहे: नोंदी आपल्याच डिस्कवर मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्या, फायलींत राहतात आणि नोटपॅडमध्येही उघडतात, म्हणजे ताबा पूर्ण, पण त्या फायली कुलूपबंद नसतात.

ताबा का महत्त्वाचा, हे एव्हरनोट या नोंदींच्या अ‍ॅपच्या इतिहासावरून दिसते. डिसेंबर २०१६ मध्ये त्या कंपनीने यंत्राचे काम तपासण्यासाठी काही कर्मचाऱ्यांना नोंदी वाचता येतील असे धोरण जाहीर केले आणि ओरड झाल्यावर ते मागे घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र मोफत खात्यावर ५० नोंदींची मर्यादा आली, ती राहिली. माझ्या मते पहिल्यापेक्षा दुसरी घटना सामान्य माणसाला अधिक जाचते.

माझा सल्ला असा की सर्व नोंदी साध्या फायलींच्या एका फोल्डरमध्ये आणाव्यात, आणि त्यांतला खरोखर गुप्त असलेला भागच क्रिप्टोमेटरच्या तिजोरीत ठेवावा. हे सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल तिच्या नावासकट कुलूपबंद करते, त्यामुळे ती तिजोरी कोणाच्याही क्लाउडवर ठेवली तरी तिथे निरर्थक अक्षरेच दिसतात. आईच्या औषधांची यादी तिजोरीत घालू नये. ती अडचणीच्या वेळी घरातल्या कोणालाही सापडली पाहिजे.

लिपिकार:
श्रीलिपीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण ताब्याच्या दृष्टीने तोच सर्वांत कठीण आहे. अशा जुन्या फायलींत देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात; असतात ती रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक, ज्यांवर तो फॉन्ट देवनागरी आकार चढवतो. फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही, आणि शोध घेतला तरी एकही शब्द सापडत नाही. म्हणून तो फॉन्ट चालतो आहे तोवर प्रत्येक फाइलची छापील प्रत किंवा पीडीएफ काढून घ्यावी, मग मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही एका फॉन्टवर न अडणाऱ्या सर्वमान्य संकेतांत, बदलावा आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासावे. चुका ठरावीक ठिकाणी होतात: ऱ्हस्व इकार शेजारच्या अक्षरावर सरकतो, रफार चुकीच्या जागी बसतो, आणि ‘बडोद्याच्या सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतला अर्धा र तर हमखास बिघडतो.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. इंटरनेटवरच्या मोफत रूपांतर-पानांवर घराच्या वाटणीचा मजकूर चिकटवू नका, कारण त्यांतली काही पाने तो स्वतःच्या सर्व्हरवर पाठवतात. इंटरनेट बंद ठेवूनही चालणारे साधन वापरावे.

काठावरचा:
वरील सर्व मान्य, परंतु बडोद्याच्या माणसाने पाण्याचा विचार आधी करावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या एका कुटुंबाचा लॅपटॉप आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, दोन्ही गेली. नोंदी स्वतःच्या ताब्यात घेतल्या की त्या वाचवण्याची जबाबदारीही आपलीच. एक कुलूपबंद प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवावी. त्यांना ती उघडता येण्याची गरज नाही. पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा, कारण अशा तिजोरीचा पासवर्ड आणि तिची रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास वापरायची राखीव किल्ली) दोन्ही हरवली तर कोणतीही कंपनी ती उघडून देऊ शकत नाही.

रावपुरेकर:
सर्वांचे आभार. लॅपटॉप आणि फोन यांतले फोल्डर क्लाउडशिवाय जुळते ठेवण्यासाठी सिंकथिंग हे सॉफ्टवेअर वापरावे, असे एका मित्राने सुचवले आहे. ते वापरले तर वेगळा बॅकअप लागणार नाही ना?

ताळेबंद:
लागेल. सिंकथिंग फायली थेट एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेते आणि मधे कोणाच्या सर्व्हरवर त्या साठवत नाही, हा त्याचा गुण. पण फोनवर चुकून पुसलेली नोंद ते लॅपटॉपवरूनही तितक्याच तत्परतेने पुसते. त्यामुळे लॅपटॉपच्या बाजूला जुन्या आवृत्त्या राखण्याची सेटिंग चालू करावी, आणि दुसऱ्या गावची प्रत त्यात न जोडता अधूनमधून हाताने ताजी करावी. अँड्रॉइडसाठीचे त्याचे अधिकृत अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले असून फोनवर आता सिंकथिंग-फोर्क या नावाची आवृत्ती वापरतात. ती कोठून उतरवून घेता आहात, ते तेवढे नीट पाहावे.