नैराश्याच्या गोळ्या: तुमचा अनुभव काय?

वांगीभरीत_सांगली:
काल विश्रामबागेत मेडिकलमध्ये एक विशी-बाविशीचा मुलगा एस्सिटॅलोप्रॅमची (नैराश्यावरची गोळी) स्ट्रिप उलटसुलट करून बघत होता. हळूच विचारलं त्यानं, "ही झोपेची गोळी का? सवय लागते का हिची?" मागे रांग होती, उत्तर नीट मिळालं नाही त्याला. मला माझे दिवस आठवले. म्हटलं लिहावं, तुम्हीही लिहा.

घरात काही बिनसलं नव्हतं. तरी पहाटे चारला जाग, छातीत धडधड, मेथी निवडताना रडू. मिरजेच्या डॉक्टरांनी आधी ५ मिग्रॅ, मग १० केली. सुरुवातीला मळमळ आणि जांभया! झोप झालेली असूनही जांभया. मन मात्र होतं तिथंच. तीनेक आठवड्यांनी एकदा चहात आलं किसून घातलं. कित्येक महिने नुसता चहा उकळत होते मी. नवऱ्याने पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

गोळीने मी हसरी-बिसरी झाले नाही. रडणं थांबलं आणि कामाला हात लागला, एवढंच. पण तेवढंच हवं होतं.

गावभागकर:
२०१९ चा ऑगस्ट, सांगलीतला महापूर. पाणी चढायला लागल्यावर आईने दागिने, कागदपत्रं घेतली, दादाच्या गोळ्या फ्रिजवरच राहिल्या. वेनलाफॅक्सिन होती, तीही नैराश्यावरचीच. छावणीत दुसऱ्या दिवशी त्याला चक्कर, घाम, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं. आम्हाला वाटलं तापच. तिथल्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, रोजची गोळी कुठली चालू आहे? गोळी परत सुरू झाली आणि उतरलं सगळं. हे व्यसन नव्हे, एकदम तुटली म्हणून झालं. आता आधारकार्डाच्या पिशवीत जादा स्ट्रिप असते.

हळदगल्ली:
गावभागात कुठे तुम्ही? आमचं टिळक चौकात. पुस्तकं गेली सगळी. दादा कसे आहेत आता?

गावभागकर:
मस्त आहे. हळूहळू कमी करत डॉक्टरांनी बंद केली. आता वहिनीला भडंग करून घालतो 😄

यवतेश्वरचा_वारा:
साताऱ्याहून. कुणी बोलत नाही म्हणून मी लिहितो. या गोळ्यांनी संसारातली इच्छा कमी होऊ शकते. बायकोला वाटलं माझं मनच उडालं तिच्यावरून. दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो, त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. गोळी बदलून मिर्टाझापिन दिली, हीसुद्धा नैराश्यावरचीच. झोप छान, भूक मात्र अशी की पेढ्यांचा पुडा घरी पोचेपर्यंत अर्धा. पुरुषांनो, सांगा डॉक्टरांना.

सिस्टर_ताई:
वॉर्डात रोज सांगते तेच लिहिते, घाईत आहे, ड्युटी आहे. एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) परत शोषलं जाऊ देत नाहीत. ते काम लगेच सुरू होतं, पण मनाला फरक पडायला २ ते ४ आठवडे, कधी जास्त. तोवर काही जणांना सोबत क्लोनाझेपाम (घबराट कमी करणारी, झोप आणणारी गोळी) देतात. सवय लागते ती *तिची*, म्हणून ती थोडेच दिवस. अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा ट्रामाडॉल मनाने घेऊ नका. पहिलीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, दुसरी या गोळ्यांसोबत घातक ठरू शकते. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम या गोळ्यांनी कमी होऊ शकतं, ते तपासायला सांगा.

लेकीची_आई:
आमची कॉलेजात आहे. पंचविशीच्या आतल्या मुलांना पहिल्या काही आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात, लक्ष ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिच्या खोलीत गादी टाकली. चिडली, पण एका रात्री तिनेच उठवलं मला, "आई, डोक्यात नको ते येतंय." सकाळ व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. म्हणून सांगते, एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

हळदगल्ली:
ताई, वाचून पोटात गोळा आला. लेक बरी आहे ना?

लेकीची_आई:
हो गं. परीक्षेला बसली. आत्ता मॅगी मागतेय.

तासगावचा_मळेवाला:
आमच्या म्हातारीच्या पायाची आग व्हायची. अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली रात्रीची. नातवाने मोबाईलवर वाचून सांगितलं, आजी ही तर डिप्रेशनची. झालं! "मला काय याड लागलंय व्हय?" डॉक्टरांनी समजावलं की कमी डोसमध्ये ती नसांच्या दुखण्यालाही देतात. तेव्हा कुठं घेतली.

नवीन_सातारा:
पोवई नाक्याजवळ कुणी चांगले डॉक्टर?

यवतेश्वरचा_वारा:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

नवीन_सातारा:
धन्यवाद दादा. अजून एक, माझा गुरुवारी उपवास असतो. गोळी रिकाम्या पोटी चालते का? आणि आता बरं वाटतंय, बंद करू का?

सिस्टर_ताई:
एस्सिटॅलोप्रॅम असेल तर चालते, मळमळत असेल तर खिचडी खाऊन घ्या. बंद मनाने नको. बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने तरी चालू ठेवतात, मग डोस उतरवत नेतात. कधी उतरवायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

नवीन_सातारा:
बरं ताई. शुक्रवारी जातेय, विचारते.