हॉस्टेलच्या खोलीत ढेकूण: फवारणी होऊनही परत आले

नीलमोहर
दोघींची खोली, लोखंडी कॉट. गादीच्या कडेला काळे ठिपके दिसले म्हणून वॉर्डनना सांगून फवारणी करून घेतली. बारा दिवस बरे गेले, आता पुन्हा हातावर ओळीने गांधी उठल्या आहेत. रूममेटला मात्र काहीच नाही. हे ढेकूणच ना? आणि कायमचे जातील कसे? परीक्षा तोंडावर आली आहे, झोप पार उडाली आहे.

काजवा
ओल्या कापसाचा बोळा त्या ठिपक्यावर दाबा. तांबूस-काळा डाग शाईसारखा पसरला, तर ती ढेकणाची विष्ठा. मग टॉर्च घेऊन गादीचा गोट बोटाने उलटवत चारही बाजूंनी बघा. मोठा ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, चपटा, सफरचंदाच्या बीसारखा. अंडं जेमतेम १ मिलिमीटर, पांढरं, शिवणीला चिकटलेलं. टाकलेली कातही सापडेल.

रूममेटच्या अंगावर काही नाही, यावर विसंबू नका. चावले तरी कित्येकांना काहीच उठत नाही. तिची कॉटही तितकीच बारकाईने बघा.

बारा दिवसांचं कोडं अंड्यांत आहे. बरीचशी औषधं अंड्यांना मारत नाहीत आणि खोलीतल्या उबेत ती साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून दुसरी फवारणी दोन आठवड्यांच्या आसपास हवीच. एकाच फवारणीवर काम थांबवलं, की हे असं होतं.

खुंटी
कपड्यांचं बघा, सगळी मेहनत तिथेच वाया जाते. चादरी, उशीचे अभ्रे, कपडे खोलीतच पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा, मगच बाहेर काढा. उघडा ढीग हातात घेऊन जिन्याने गेलात तर ढेकूण वाटेत सांडतात. ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर ३० मिनिटं फिरवा. जुनी पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाका. धुतलेले कपडे नव्या पिशवीत, आणि दुसरी फवारणी होईपर्यंत ते कपाटात परत लावू नका. नुसतं उन्हात टाकून भागत नाही, घडीच्या आत पुरेशी उष्णता पोचत नाही.

आणि कृपा करून झोपायला मैत्रिणीच्या खोलीत जाऊ नका. पांघरुणातून, दप्तरातून ते तिकडे जातात आणि मग दोन खोल्या होतात.

भिंतीपलीकडे
वॉर्डनना लेखी अर्ज द्या, आणि त्यात फक्त आपली खोली लिहू नका. दोन्ही बाजूंच्या, वरची, खालची अशा चारही खोल्या तपासायला सांगा. वायरिंगच्या पाइपातून, स्विचबोर्डामागून, पायपट्टीच्या फटीतून ढेकूण सहज पलीकडे जातात. एकच खोली फवारली तर ते शेजारी टिकून राहतात. मागच्या वेळी कोणतं औषध वापरलं तेही विचारा. पायरेथ्रॉइड या नेहमीच्या कीटकनाशकांच्या गटाला बऱ्याच ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत, तेव्हा दुसऱ्या गटाचं औषध मागा. धूर सोडणारे डबे मात्र नकोत, धूर फटीत शिरत नाही. रॉकेल किंवा स्पिरिट गादीवर तर अजिबात ओतू नका, आग लागेल.

नीलमोहर
गोटाखाली कात सापडली! कॉटच्या पायांची रबरी टोपणं गेली आहेत, आतून पाइप पोकळ. तिथेही असतील?

काजवा
असतील, आणि फवारणीवाले नेमकी तीच जागा सोडतात. पाइपच्या तोंडात आणि बोल्टच्या भोकांत औषध मारायला लावा, वाळलं की नवी टोपणं घट्ट बसवा. कॉट भिंतीपासून वीतभर सरकवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. प्रत्येक पायाखाली उभ्या, गुळगुळीत कडांचा प्लास्टिकचा डबा ठेवा आणि आतून टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा. ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, त्या कडेवर पायही ठरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी डबे बघा आणि सापडलेला प्रत्येक ढेकूण सेलोटेपवर चिकटवून तारीख घाला. दुसऱ्या फवारणीनंतरही सापडत राहिले, तर तीच पट्टी अर्जाला जोडा.