बॅरी फिट्झजेराल्ड 'विकला गेला'? अजिबात नाही

तिसरी_घंटा:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'फिट्झजेराल्ड डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर सोडून हॉलिवूडला आयरिश म्हातारा विकत बसला.' रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. हा आयरिश नट दिवसा सरकारी कचेरीत खर्डेघाशी करायचा आणि रात्री अ‍ॅबीत उभा राहायचा. नोकरीवर बालंट नको म्हणून विल्यम शील्ड्सचा बॅरी फिट्झजेराल्ड झाला. 1924 मध्ये नाटककार ओ'केसीच्या 'जुनो अँड द पेकॉक'मधला कॅप्टन बॉयल गाजवला, तरी नोकरी सुटली ती 1929 ला. त्यानंतर पोटासाठी सिनेमा केला तर बिघडलं काय?

विंगेतून:
काल मीच लिहिलं होतं. पोटाबद्दल तक्रार नाही. 'द क्वाएट मॅन' सिनेमात त्याने केलेला मिकलीन बघा: टोपी, घोडागाडी, सदा दारूची तहान. अमेरिकेला हवा तेवढाच आयरिश. बॉयलही पिणारा आणि बढाईखोर, पण त्याच्यापायी घर उद्ध्वस्त होताना दिसतं.

नोकरदार_नट:
नोकरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या दिवशी साहेबांनी मला मुद्दाम हिशेब तपासायला बसवलं. दोन महिने तालीम केलेली माझी भूमिका दुसऱ्याने हातात संहिता धरून केली.

पहिली_रांग:
मग सोडायची होती नोकरी. हिंमत नव्हती, तर साहेबांना का बोल लावता?

नोकरदार_नट:
भाड्याची खोली, दोन मुलं, आजारी आई. हिंमत कशाला म्हणतात ते मला शिकवू नका!

विंगेतून:
भांडण आवरा, फिट्झजेराल्डवर या.

तिसरी_घंटा:
आलोच. 1926 मध्ये अ‍ॅबीत ओ'केसीच्याच 'द प्लाऊ अँड द स्टार्स' नाटकावर लोक चवताळून रंगमंचावर चढले. ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या आयरिश उठावाचा अपमान झाला म्हणे. फिट्झजेराल्ड त्याच नाटकात होता आणि त्याचा सख्खा भाऊ आर्थर त्याच उठावात लढून कैदेत गेलेला! अशा घरातल्या माणसाला आयरिशपणा कुणी शिकवायचा? पुढे 'गोइंग माय वे' सिनेमातल्या फादरच्या एकाच भूमिकेसाठी ऑस्करच्या मुख्य आणि सहायक, दोन्ही विभागांत नामांकन. सहायकाचं मिळालं आणि अकादमीला नियमच बदलावा लागला. प्रोटेस्टंट घरातला हा नट कॅथलिक पाद्री इतका खरा करतो, हे नुसतं टोपी घालून जमत नाही.

विंगेतून:
शेवटी त्या म्हाताऱ्या फादरची आई आयर्लंडहून येते, तो प्रसंग मला दर वेळी रडवतो. तेवढं मान्य. मिकलीन नाही म्हणजे नाही.

नोकरदार_नट:
1929 ला तो 41 चा होता. मीही 41 चा असताना राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. चार महिने रोज नेला आणि रोज परत आणला.