नऊ वर्षांच्या मुलाची महाधमनी जन्मतः अरुंद आहे: शस्त्रक्रिया करावी की स्टेंट बसवावा?

कोथरूडची आई

नमस्कार. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याचे वजन 24 किलो आहे. खेळून आल्यावर पाय दुखतात, असे तो वर्षभर सांगत होता आणि आम्ही ते वाढीच्या वयातले दुखणे समजून पायांना तेल चोळत राहिलो. गेल्या महिन्यात तापासाठी नव्या बालरोगतज्ज्ञांकडे नेले असता त्यांनी त्याच्या जांघेतील नाडी चाचपली. ती जेमतेम लागत होती. मग त्यांनी हातापायांचा रक्तदाब मोजला, तेव्हा वरचा आकडा उजव्या हातात 146 आणि पायात 98 आला. टू-डी इको आणि सीटी अँजिओग्राफीत कोआर्क्टेशनचे, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी (महाधमनी) जन्मतः एका जागी अरुंद असल्याचे, निदान झाले. महाधमनीच्या झडपेलाही तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. इतकी वर्षे इतक्या डॉक्टरांनी त्याला तपासले, पण जांघेला कुणी हात लावला नाही, याचे फार वाईट वाटते. आता एक तज्ज्ञ शस्त्रक्रिया सुचवतात, तर दुसरे स्टेंट, म्हणजे धमनी रुंद ठेवणारी जाळीदार नळी. मुलगा एरवी हसता-खेळता आहे, मग काही वर्षे थांबता येईल का?

बालहृदयरोग विभागातील एक डॉक्टर

ताई, थांबू नका. डाव्या हाताची धमनी जिथे फुटते, त्याच्या लगेच पुढे महाधमनी आवळली गेल्याने डोके आणि हात यांना जास्त दाबाने रक्त मिळते, तर पायांना कमी, आणि हृदयाचा डावा कप्पा त्या अडथळ्याविरुद्ध ढकलून ढकलून जाड होत जातो. दाबात 20 पेक्षा जास्त फरक असेल तर उपचार करावेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तुमच्याकडे तो 48 आहे. उपचाराला उशीर होईल तितकी रक्तदाब कायमचा राहण्याची शक्यता वाढते.

24 किलो वजन नेमके सीमारेषेवरचे असल्यामुळे दोन तज्ज्ञांची दोन मते होणे स्वाभाविक आहे. अरुंद भाग आखूड असेल, महाधमनीची कमान (हृदयातून वर निघून खाली वळणारा भाग) चांगली रुंद असेल आणि पुढे प्रौढ मापापर्यंत फुगवता येईल असा स्टेंट जांघेतून नेता येत असेल, तर स्टेंट योग्य ठरतो. मात्र मूल वाढेल तसा तो पुन्हा फुगवावा लागतो. कमानही अरुंद असेल तर मी शस्त्रक्रियेकडेच झुकेन. तीत डाव्या कुशीतून, बरगड्यांच्या मधून जाऊन आवळलेला भाग कापून काढतात आणि दोन्ही टोके एकमेकांना जोडतात. त्यासाठी सहसा हार्ट-लंग मशीन (शस्त्रक्रियेपुरते हृदय-फुफ्फुसांचे काम करणारे यंत्र) लागत नाही. 1944 मध्ये स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्राफर्ड यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हा तर असे यंत्र वापरातच आले नव्हते. महाधमनीला क्लॅम्प (रक्त थांबवणारा चिमटा) लावलेला असताना मज्जारज्जूचा रक्तपुरवठा घटून पाय लुळे पडण्याचा धोका असतो, पण तो क्वचितच उद्भवतो, कारण या वयापर्यंत बरगड्यांलगतच्या धमन्या रुंदावून रक्ताला आडवाट मिळालेली असते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस रक्तदाब उलट वाढतो. त्याने घाबरून जाऊ नका.

हडपसरचा बाबा

आमच्या मुलीचे निदान नवव्या दिवशी झाले. तिने दूध सोडले, पाय गार पडले. गर्भावस्थेतील डक्टस नावाची वाहिनी तोवर उघडी असल्याने पायांना रक्त मिळत होते आणि ती मिटू लागताच बाळ कोसळले. प्रोस्टाग्लँडिनचे ठिबक लावून ती उघडी ठेवली आणि तीन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. सात महिन्यांची असताना जोडाची जागा पुन्हा आवळली, तेव्हा बलूनने रुंद केली. आता ती चार वर्षांची आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या दोन्हींची चौकशी शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच करावी.

लहानपणी शस्त्रक्रिया झालेली

माझी शस्त्रक्रिया 1998 साली, अकराव्या वर्षी, अरुंद जागी पॅच (ठिगळ) लावून झाली. त्यानंतर मी बरी झाले असे समजून घरच्यांनी पाठपुरावा सोडून दिला. गरोदरपणाच्या आधी एमआरआय केला, तेव्हा पॅचसमोरची भिंत फुगलेली आढळली आणि पुन्हा उपचार घ्यावे लागले. तुम्ही स्टेंट निवडा अथवा शस्त्रक्रिया, सीटीची सीडी आणि शस्त्रक्रियेची टिपणे मुलाच्या नावाने जपून ठेवा. त्याला ती चाळिशीतही लागतील.

कोथरूडची आई

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. गुरुवारी कमानीचे नेमके माप विचारणार आहे. दोन पाकळ्यांची झडप कुटुंबात आणखी कुणाला असू शकते असे समजल्यामुळे धाकट्या मुलीचा इकोही त्याच दिवशी करून घेऊ.